शेंदराखाली

देवळाच्या उंबऱ्यात जनूचा पाय अडखळला. तीस वर्षांत तो या देवीपुढे उभा राहिला नव्हता. पण बारवी धरणाची उंची वाढणार, पाणी इथवर चढणार, म्हणून देवीला टेकडीवर न्यायचं होतं. गावाने ठरवलं, पहिला हात जनूचाच. त्याच्या बायकोने, सखूनेच नाही का तिला पाण्यातून वर आणलं?

आणलं खरं. धरण पहिल्यांदा भरलं तेव्हा घाईगर्दीत बिनचेहऱ्याची दगडी देवी खालीच राहिली, आणि देवीवाचून नव्या जागी चूल पेटवायला कोणी धजेना. सखूसारखी पोहणारी पंचक्रोशीत नव्हती. कमरेला दोर बांधून ती गढूळ पाण्यात उतरली. दुसरं टोक जनूच्या हातात. ठरल्याप्रमाणे दोन हिसके बसले. जनूने जीव खाऊन ओढलं. वर आला नुसता दगड, चिखलाने माखलेला. कमरेचा दोर सोडून सखूने तो दगडाला आवळला होता. ती स्वतः आलीच नाही. गावाने दगडाला शेंदूर फासला नि वाजतगाजत देऊळ बांधलं. जनूला मात्र विहिरीवर पोहरा ओढताना अजून ते दोन हिसके जाणवत. मेलं ते पाणी आणि मेली ती देवी!

दाराशी त्याची नात जिज्ञासा उभी होती.

"आजा, पुस्तकात जपानची गोष्ट आहे. एक बाई अशीच दोर बांधून समुद्रात उतरली. रत्न आणलं आणि मेली. लेकासाठी."

"रत्न खरं व्हतं का गं?"

"मग काय! खोट्यासाठी कोण मरेल?"

जनू आत गेला. देवीला हात लावताच शेंदराची जाड खपली सुटून त्याच्या ओंजळीत आली. खाली काळा दगड होता, टाकी लावलेला, एक कोपरा उडालेला. तो कोपरा जनूनेच उडवला होता, लग्नाच्या वर्षी बदलापूरच्या बाजारातून डोक्यावर आणताना. जुन्या देवळाला लागूनच त्यांचं घर होतं. गढूळ पाण्यात सखूच्या हाताला घरातला मिरची वाटायचा पाटा लागला होता.

"काका, कवच सुटलं काय?" बाहेरून देवीच्या भगताने, अनंताने विचारलं. "देवी कशी हाय?"

वाटून वाटून पाट्यात खळगा पडला होता. त्यात जनूने तळवा ठेवला.

"देवीच हाय," तो म्हणाला. "शेंदूर आण."

स्वतःच्या हाताने त्याने कोपऱ्यापासून शेंदूर फासला. मग तीस वर्षांत पहिल्यांदा तिच्यापुढे डोकं टेकलं.