खालचा बाण

कॉम्प्युटर सुरू झाला आणि काळ्या पडद्यावर नेहमीच्या दोन ओळी उमटल्या. वरची बाबांच्या जुन्या सिस्टीमची, खालची आईच्या नव्या सिस्टीमची. खालच्या बाणाची कळ वेळेवर दाबली नाही, तर आपोआप वरचीच उघडायची. बाबांनीच तसं बसवलं होतं. "या घरात वर कोण, ते मशीनलाही कळतं," म्हणून आईला चिडवायचे.

आईने बाण दाबला. "आज वरची काढायची. डिस्कवर तीळभर जागा उरली नाही. शब्दकोशाचं काम आलंय, ते काय डोक्यावर ठेवू?"

मुलगी हबकली. "अगं, बाबांची आयुष्यभराची अक्षरजुळणी आहे त्यात. ते जुने फाँट दुसरीकडे उघडतसुद्धा नाहीत."

"म्हणून तर ते गेल्यापासून मी हेच करत बसले होते."

आईने एक फोल्डर उघडला. बाबांनी जुळवलेली सगळी पुस्तकं, नव्या फाँटात. मुलीने मधलंच एक उघडून पानं खाली सरकवली. एकही जोडाक्षर फुटलेलं नव्हतं. एकही रफार जागचा हललेला नव्हता.

"हे सगळं तू एकटीने?"

"मग काय, तुझे बाबा येणार होते मदतीला?" आईने चष्मा काढून पदराने पुसला. "त्यांच्या चुकाही सापडल्या बरं का. आणि मला म्हणायचे, तुझी नजर कच्ची!"

मुलगी हसली. तिने माउस हातात घेतला.

"थांब, थांब. आधी खालचीला पहिली कर. नाहीतर वरची जाईल आणि सुरू कुठून व्हायचं, तेच मशीनला कळणार नाही."

मुलीने माउस आईकडे सरकवला. आईने एकेक पायरी स्वतःच केली. शेवटी पडद्याने विचारलं, कायमची काढून टाकायची का?

आई क्षणभर बघत राहिली. "मला विचारून त्यांनी कधी काही केलं नाही," ती म्हणाली, आणि 'होय' दाबलं.

मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. दोन ओळी आल्या नाहीत. काहीही न विचारता थेट आईची सिस्टीम उघडली.

"जमलं," आई म्हणाली. ताठ बसली होती, मान वर.

बोट मात्र अजून खालच्या बाणाच्या कळीवर होतं. त्या कळीवरचा बाण केव्हाच पुसून गेला होता.