घरमालकीण गाडी बघते

डेनिसने व्हॅन कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीमागे लावली, आरशात बघून केस सारखे केले आणि उरलेला रस्ता पायी चालत आली.

मार्च संपत आला तरी अमेरिकेतल्या टोलेडो शहरात बर्फाचा राडा होताच. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने तिच्या बुटांवर पांढरे ओघळ उठले होते. भाड्याने बघायच्या घरासमोर पोचल्यावर तिने ते पँटच्या मागच्या बाजूला घासून पाहिले. गेले नाहीत.

व्हॅन लपवायला कारण होतं. ती एका वृद्धाश्रमात कपडे धुण्याचं काम करायची. तिथे सोबत काम करणाऱ्या मार्वाने बजावलं होतं, "घरमालकीण म्हातारी कागदपत्रं बघत नाही, गाडी बघते. घर दाखवून झालं की सोडायला म्हणून गाडीपर्यंत येते आणि काचेतून आत डोकावते. जशी गाडी तसं घर, म्हणते. माझ्या भावाला बर्गरच्या कागदांपायी नाही म्हणाली."

"राहते कुठे?"

"मागच्याच गल्लीत. सगळीकडे पायी हिंडते, खेचरासारखी."

डेनिसच्या व्हॅनमध्ये बर्गरचे कागद नव्हते. दोन उशा होत्या, पांघरुणं होती, दात घासायचे ब्रश ठेवलेला पेला होता आणि रात्री खिडक्यांना लावायचे पुठ्ठे होते. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून मायलेकी तिथेच राहत होत्या. आठ वर्षांच्या जोसीने शाळेत कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. गप्प राहायचं हे पोरीला कुणी न सांगता कळलं, याचीच डेनिसला जास्त लाज वाटे.

मिसेस पावलाक दारातच उभ्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, ठेंगण्या. त्यांच्या कोटाला लोण्यात कांदा परतल्याचा वास येत होता.

वरच्या मजल्यावरचं घर लहान होतं. दोन खोल्या, पिवळं स्वयंपाकघर, खिडकीतून शेजारच्यांचं कुंपण. भाडं ऐकून डेनिसने पुन्हा एकदा विचारून घेतलं. एवढ्या पैशांत या शहरात आता ओल आलेलं तळघरसुद्धा मिळत नव्हतं.

"सध्या कुठे राहतेस?" मिसेस पावलाकनी विचारलं.

"बहिणीकडे."

"पटतं का बहिणीशी?"

"पटतं की."

डेनिसला बहीण नव्हती.

"आणि ही खोली कुणाला?"

"मुलीला. जोसीला. दार लावता येईल अशी खोली हवी आहे तिला." हे मात्र खरं होतं, म्हणून तिचा आवाज जरा चिरकला. मिसेस पावलाकनी दार ओढून लावून दाखवलं. कडी नीट बसली.

जिना उतरताना म्हातारीने कठडा दोन्ही हातांनी धरला. एकेक पायरी, आडवी होऊन. "आज गुडघा ऐकत नाहीये," त्या पुटपुटल्या. बाहेर आल्यावर मात्र म्हणाल्या, "चल, तुझ्या गाडीपर्यंत येते."

"अहो, कशाला? गुडघा दुखतोय ना?"

"दुखू दे. कुठली तुझी?"

रस्त्यावर दोनच गाड्या होत्या. एक चाक बसलेला ट्रक, वर्षभर जागचा न हललेला. दुसरी करडी, जुनी, पण या चिखलातही धुऊन पुसलेली.

"ती," डेनिस म्हणाली. "करडी."

मिसेस पावलाक थबकल्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं. मग डेनिसच्या बुटांकडे. मग लंगडत गाडीपाशी गेल्या आणि काचेला नाक लावून आत पाहू लागल्या.

"नीट ठेवलीय हं."

"प्रयत्न करते."

"मागे टॉवेलात काय गुंडाळलंय?"

डेनिसही वाकली. टॉवेलच्या फटीतून काचेचं झाकण आणि खालची सोनेरी साय दिसत होती. "बटाटे. दुधात भाजलेले. चर्चच्या जेवणाला न्यायचेत."

"अस्सं. काय काय घातलंस?"

"कांदा. चीज." आणखी काहीतरी म्हणायला हवं, असं तिला वाटलं. "हॅम."

"हॅम? लेंटच्या शुक्रवारी? उपवासाला मांस?"

डेनिसच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "आम्ही बॅप्टिस्ट आहोत. आमच्यात चालतं."

"चालत असेल बाई. माझ्या आईने तुला लाटण्याने हाणलं असतं."

मिसेस पावलाक हसल्या नाहीत. त्यांनी कोटाच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली एक नखाने सोडवली आणि डेनिसच्या तळहातावर ठेवली.

"मी गाडी बघून घर देते. तुला मार्वाने पाठवलंय, तिने सांगितलंच असेल. घर तुझं."

किल्ली खिशातल्या उबेने गरम होती. सगळं सांगून टाकावं असं डेनिसच्या अगदी ओठांवर आलं. मग तिला पुठ्ठ्यांमागे झोपलेली जोसी आठवली. तिने मूठ मिटली. ओठही.

"नीघ आता. बटाटे गार होतील."

"तुम्ही आधी निघा ना. थंडी आहे."

"थंडीचं मला काय सांगतेस? इथेच जन्मलेय मी. नीघ."

"मी जरा... घराकडे बघत उभी राहते."

"बघ हो. पोटभर बघ."

डेनिस खरंच घराकडे तोंड करून उभी राहिली. म्हातारी मागच्या गल्लीकडे वळली की कोपऱ्यापर्यंत पळायचं, एवढंच आता उरलं होतं. पाठीमागे पावलं वाजली, पण दूर गेली नाहीत. कुलूप उघडल्याचा आवाज आला.

ती वळली. करड्या गाडीचं मागचं दार उघडं होतं, जुडगा दाराला लटकत होता, आणि मिसेस पावलाक वाकून ते टॉवेलातलं भांडं बाहेर काढत होत्या. ते त्यांनी डेनिसच्या हातांवर ठेवलं.

"पोरीला गरम आहे तोवर वाढ," त्या म्हणाल्या. "हॅम मात्र नाहीये त्यात."