मैदानाची झडती

"हात वर! टोपी काढ!"

पुंजाराम जमादारानं चारशेवा माणूस तपासला. खिसे, टोपी, धोतराचा सोगा, अगदी पानाची चंचीसुद्धा. पान, चुना, सुपारी. खडा नाही. रांग पार रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती आणि नवल म्हणजे कुणी हूं की चूं करत नव्हतं. त्यानंच पुंजाराम जास्त धास्तावला.

कारण हेच लोक मागच्या रविवारी पिसाळले होते. आठ वर्षांपूर्वी निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत ज्याच्या अंगाला साधा ओरखडा आला नव्हता, त्या पुंजारामाचं कपाळ फुटबॉलच्या मॅचनं फोडलं. चार टाके. टोपी घातली की अजून ठणकायचे, आणि ठणकले की त्याला या लोकांचा मनापासून राग यायचा.

भांडण मैदानाचं होतं. नहर क्लबचे अध्यक्ष तात्यासाहेब यांना ते कापसाच्या गोदामासाठी देऊन टाकायचं होतं. क्लब दोन वर्षं हरत होता, चांगले खेळाडू हैदराबादला निघून गेले होते. पण लोक मैदान सोडायला तयार नव्हते. 'तात्यासाहेब, खुर्ची सोडा' असं ओरडत त्यांनी मागच्या रविवारी खुर्च्याच मोडल्या, मग दगड उडाले. त्यावर कलेक्टरसाहेबांनी हुकूम काढला, आता एक जरी दगड उडाला तरी मैदानाला कायमचं कुलूप. आज साहेब स्वतः येऊन बसले होते. शेजारी शेरवानीतले तात्यासाहेब सारखे गर्दीकडं बघत होते. दगडाची वाट बघणारा माणूस तसाच दिसत असावा.

मैदान मुरमाचं. दर हंगामाआधी गावचे लोक पाट्या घेऊन यायचे आणि शेतातले वेचावेत तसे गोटे वेचून काढायचे. यंदा तात्यासाहेबांनी फाटकाला कुलूप घातलं, ते फक्त मॅचपुरतं उघडायचं. आणि खेळणारे सगळे अनवाणी!

व्हायचं तेच झालं. जब्बार डाव्या बगलेनं चेंडू घेऊन सुटला, नहर क्लबचा एवढा एकच पोरगा काय तो जिवंत खेळायचा, आणि मध्येच मटकन खाली बसला. तळवा गोट्यावर फाटला होता. मुरमावर रक्ताचा ओघळ. तेवढ्यात पंचानं मध्यंतराची शिट्टी दिली.

जब्बार लंगडत कडेला आला. सांडूनं त्याचा पाय मांडीवर घेतला. सांडू म्हणजे गुलमंडीतला म्हातारा हमाल. पाठीवर कापडाचे गठ्ठे वाहून वाहून वाकलेला, पण वीस वर्षांत एक मॅच चुकवलेली नाही. त्यानं तळव्याला रुमाल बांधला, उठला आणि म्हणाला, "चला."

दोन हजार माणसं उठली. चुन्याची रेघ ओलांडून आत आली.

पुंजारामाचे बारा शिपाई लाठ्या सावरून उभे राहिले. त्यानं शिट्टी दातांत धरली. शिट्टी वाजली की लाठी, असं ठरलं होतं. लोक खाली वाकले. उठले तेव्हा प्रत्येकाच्या हातात दगड होता.

"उचलले! दगड उचलले!" तात्यासाहेब उभे राहून ओरडले. "जमादार, फुंका शिट्टी!"

पुंजारामाचे टाके टणाटण उडायला लागले. बाहेरून खडा येऊ नये म्हणून दोन तास झडत्या घेतल्या, आणि दगड आतच पडलेले! त्यानं छातीत हवा भरून घेतली.

पण एकही हात मागं गेला नाही. दगड सोग्यात गेला. टोपीत गेला. खिशात गेला. लोक पुन्हा वाकले. या गोलापासून त्या गोलापर्यंत एकच ओळ धरून, कापूस वेचावा तशी माणसं पुढं सरकत होती. म्हातारे, पोरं, दाढीवाले, फेटेवाले. घोषणा नाही, शिवी नाही. खड्यावर खडा पडल्याचा तेवढा आवाज. पुंजारामानं मोर्चे बघितले होते, मिरवणुका बघितल्या होत्या, पळणारी गर्दी आणि अंगावर येणारी गर्दीही बघितली होती. असलं काही बघितलं नव्हतं.

"आई गं!" त्याच्या तोंडून निघालं आणि दातांतली शिट्टी सुटून दोरीवर लोंबायला लागली. पंचानं घड्याळ खिशात टाकलं. पुढची पंधरा मिनिटं जमादार कुठं होता, हे त्याच्या शिपायांनाही सांगता आलं नसतं.

लोक ओझं घेऊन फाटकाबाहेर गेले. रस्त्यापलीकडच्या खड्ड्यात रिकामे होऊन परत आले. आणि फाटकाशी कुणी न सांगता रांग लागली. पुंजाराम घाम पुसत तिथं येऊन उभा होता. सगळ्यात पुढं सांडू, दोन्ही हात वर.

"घ्या जमादार, झडती घ्या. खडा आत जाऊ नाय, असा हुकूम हाय नव्हं?"

पुंजारामाचा हात उचलला गेला, पण त्या म्हाताऱ्याच्या अंगाला लागेना.

"जावा आत, बाबा," तो म्हणाला. "लई झडत्या घेतल्या."

तात्यासाहेब तरातरा आले. "शिट्टी का नाही फुंकली? पट्टा उतरवीन तुमचा!"

मागोमाग कलेक्टरसाहेब येऊन उभे राहिले होते. त्यांनी साफ झालेल्या मैदानाकडं बराच वेळ बघितलं.

"जमादार, एक तरी दगड कुणी फेकला?"

"एकबी नाय, साहेब."

"मग कुलूप कशाला? तात्यासाहेब, फाटकाची किल्ली द्या इकडं."

पुंजारामानं टाचा जुळवून कडक सलाम ठोकला, आणि त्याच्या खाकी पँटीचे दोन्ही खिसे खडखडले.