रविवारी एकच भाग

जुने, भागाभागांचे सिनेमे एकत्र बघणाऱ्या त्या चौकडीत टेलरमास्तरांच्या मेहुण्याचा नियम कडक होता: रविवारी एकच भाग, मग नायक कड्याला लोंबकळत राहिला तरी बेहत्तर! दुसरा भाग मागणाऱ्यावर तो खेकसायचा.

आज नवी मालिका निवडायची होती, पण मास्तरांची नुसती चुळबूळ चालली होती. काल त्यांचा तपासणीचा रिपोर्ट मेहुण्यानेच आणला होता आणि "सगळं ठीक आहे, भावजी," एवढंच म्हणून विषय बदलला होता. जिवाला लागलेला घोर झटकून मास्तरांनी मुद्दाम सगळ्यांत लांबलचक मालिका उचलली.

"ही लावा. चांगली चार महिने पुरेल!"

मेहुणा त्यांच्याकडे न बघताच म्हणाला,



"भावजी, आज सगळे भाग बघूनच टाकू."