राणीछापाचं साल

भूम डेपोचा कंडक्टर बब्रुवान यानं देव्हाऱ्यातल्या राणीछाप रुपयाचा फोटो मोठ्या हौसेनं जुनी नाणी जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि तिथंच घोटाळा झाला. नेमकं सालावरच रोजच्या कुंकवाचं जाड पुट बसलेलं.

"साल दिसल्याशिवाय नाणं यादीत घेता येणार नाही," ग्रुपची यादी ठेवणाऱ्या उमरग्याच्या यज्ञेश सरांनी ठणकावलं.

पण बब्रुवानच्या आईची, सिताबाईंची सक्त ताकीद होती. रुपया वर्षातून एकदाच धुवायचा, लक्ष्मीपूजनाला.

ग्रुपनं चार महिने कळ काढली. लक्ष्मीपूजनाला वीस-पंचवीस जण व्हिडिओ कॉलवर डोळे लावून बसले. दूध पडलं, पाणी पडलं, कुंकू वाहून गेलं. "जवळ घ्या, जवळ घ्या!" सगळे एकदम ओरडले. बब्रुवाननं मोबाईल पुढं नेईपर्यंत सिताबाईंनी कुंकवाचं बोट बरोब्बर सालावर टेकवलं.

"आये, अगं साल बघायचं होतं की!"

"अठराशे ब्याण्णव," रुपया जागेवर ठेवत सिताबाई म्हणाल्या. "पन्नास वर्षं झाली, म्याच धुती त्येला. मला इचारलं का कुणी?"