दातांचा पंचनामा

"अजून मोठं तोंड उघडा, काका," दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मुलीला बापाचं अख्खं तोंड दिसलं. नको तेवढं दिसलं.

खालचे पुढचे सहाही दात काळपट तपकिरी होते. मधल्या फटी तर तुंबलेल्या मोरीच्या जाळीसारख्या. यंत्राची सुई दाताला टेकली, पाण्याचा फवारा उडाला आणि तपकिरी पाणी हनुवटीवरून ओघळलं. ओठात अडकवलेली नळी ते सुर्र सुर्र करत ओढू लागली. मुलीला सकाळचा चहा घशाशी आला. तरी तिनं आपलं स्टूल पुढे सरकवलं. आज तिला सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

बाबा शिंपी. चाळीस वर्षं मशीनवर बसले आणि चाळीस वर्षं गालात तंबाखू. सुईत ओवायच्या आधी दोरा जिभेवर ओला करायचे. शाळेत असताना तिला वाटायचं, आपल्या गणवेशाच्या शिवणीशिवणीत बाबांची थुंकी आहे. बाकावर ती कुणाला खेटून बसत नसे. ही शिसारी तेव्हापासूनची, अंगात मुरलेली.

सहा महिन्यांपूर्वी तिला मुलगा झाला त्या दिवशी बाबांनी तंबाखूची डबी कचऱ्यात टाकली. सगळ्यांच्या देखत टाकली. तिनं विश्वास ठेवला. मूर्खपणाच केला, दुसरं काय! दोन महिन्यांत दात पहिल्यापेक्षा काळे. विचारलं की कानावर हात. "शप्पथ सांगतो, शिवलोसुद्धा नाही. हे काय होतंय मलाच कळेना." तोंड उघडलं की पुरावा समोर, आणि वर ही भाषा.

सोमवारपासून ती कामावर रुजू होणार होती. बाळाला दिवसभर आजोबांनी सांभाळायचं ठरलं होतं. पण त्या तोंडानं बाळाचे पापे घेतले जाणार या विचारानंच तिच्या अंगावर काटा यायचा. तिनं सरळ सांगून टाकलं होतं, "डॉक्टर तंबाखू म्हणाल्या, तर बाळ पाळणाघरात आणि तुम्ही दादाकडे." दादा बारा तासांच्या प्रवासावर राहायचा. एकदा तिकडे गेले की नातवाचं तोंड वर्षातून एकदा दिसलं तरी पुष्कळ.

यंत्र सुरू व्हायच्या आधी तिनं त्या दातांचा मोबाइलवर फोटो काढून दादाला पाठवला होता. दात धुऊन निघाले की पुरावाही धुऊन निघणार, एवढं तिला कळत होतं. दादाचं उत्तर लगेच आलं. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. रविवारी न्यायला येतो."

"तंबाखूच आहे ना?" तिनं डॉक्टरबाईंना विचारलं.

"आधी निघू तर द्या," त्या मान वर न करता म्हणाल्या. "वरून बसलेला डाग साफ केल्यावर निघतो. आतून मुरलेला राहतो. खालचा दात दिसल्याशिवाय काय सांगू?"

बाबा बाजूच्या भांड्यात थुंकले. काळ्या कपच्या, तपकिरी पाणी आणि त्यात रक्ताचा एक धागा. "हिरड्या सोलल्यात पार. इतकं कशाला घासता, काका?" डॉक्टरबाईंनी विचारलं. लाळेची तार ओठापासून सुटता सुटेना. मुलीनं नाकाला रुमाल लावला. बाबांनी ते पाहिलं आणि घाईघाईनं बाहीनं तोंड पुसलं. त्याची तर तिला आणखीच किळस आली.

मग खरखरीत पेस्ट लावून गोल फिरणारा ब्रश झाला. पाऊण तासानं दात उघडे पडले. जुने, पिवळसर, थोडे झिजलेले. म्हाताऱ्या माणसाचे साधे दात. काळा डाग एकही उरला नव्हता.

डॉक्टरबाईंनी छोट्या आरशानं गाल बाजूला केला आणि दिवा जवळ ओढला. मग जीभ बाहेर काढायला लावली. जीभही तपकिरी. मुलीनं तोंड फिरवलं.

"इकडे बघा जरा," डॉक्टरबाई तिला म्हणाल्या. "तंबाखू धरणाऱ्याची ही गालातली जागा पांढरट, सुरकुतलेली असते. यांची छान भरून आलीय. यांनी सोडलीय तंबाखू. काही महिने तरी झाले असतील."

"मग हे काळं कशाचं होतं?"

डॉक्टरबाईंनी बाबांनाच विचारलं, "काका, तोंड धुवायला काही औषध वापरता का?"

"ते गुलाबी पाणी," बाबा म्हणाले. "औषधाच्या दुकानातलं. हिनंच आणून दिलंय."

बाळ घरी आलं त्याच दिवशी तिनं दुकानदाराकडे जंतू मारायचं सगळ्यात कडक औषध मागितलं होतं. बाटली बाबांच्या हातात तिनंच दिली होती, लांबून, बोटाला बोट लागू न देता. पुढच्या बाटल्या ते स्वतःच आणत होते.

"ते आम्ही दात काढल्यावर आठ-पंधरा दिवस देतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "महिनोन्‌महिने वापरलं तर दात, जीभ, सगळं असंच काळवंडतं. दिवसातून किती वेळा चूळ भरत होता?"

बाबांनी आधी लेकीकडे पाहिलं, आणखी एक गुन्हा कबूल करायचा असल्यासारखं.

"मोजलं नाही हो," ते म्हणाले. "ही म्हणाली होती, चूळ भरल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही. मग बाळ जितक्यांदा हात पुढे करायचं, तितक्यांदा."