फोटोतलं हसू
मावशीनं केमोथेरपी सोडली, हे कळताच हिल्का फिनलंडमधल्या कुओपिओ शहरातून तडक तिच्या गावी गेली. शेगडीवर बर्च झाडाची साल उकळत होती. "दोन महिने हेच पितेय," मावशी म्हणाली. "तुमच्या प्रोफेसरांनीच पेपरात सांगितलं ना, कॅन्सरवर औषध सापडलं म्हणून? तुझा फोटोही होता." हिल्काचं डोकं सणकलं. हजारो वनस्पतींतली द्रव्यं तिनंच कॉम्प्युटरवर तपासली होती. बर्चमधलं एक द्रव्य कॅन्सरच्या प्रथिनाला चिकटून त्याला रोखेल, एवढाच अंदाज निघाला होता. उंदरालासुद्धा ते कुणी दिलं नव्हतं. फोटोला मात्र ती हसत उभी राहिली होती. तिनं प्रोफेसरांना फोनवर झापलं. "आपण 'शक्यता' म्हणालो होतो, हिल्का." "मला नका सांगू. तिला सांगा." फोन तिनं मावशीच्या हातात कोंबला. मावशीनं त्यांच्या तोंडून सगळं खरं ऐकलं, फोन ठेवला आणि कोट चढवला. "गाडी काढ. आधी इस्पितळ. या माणसाकडे नंतर."